सर्व्हरची डिफॉल्ट सेटिंग्ज : बदलायची कोणती, ठेवायची कोणती?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी वेब सर्व्हरच्या वेगाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांची शंका एकच आहे : सॉफ्टवेअर आले तसे, म्हणजे डिफॉल्ट आकड्यांवर चालवावे, की वेगासाठी ते आकडे बदलावेत? अपाची आणि एनजिनएक्स ही ब्राउझरला पाने पाठवणाऱ्या वेब सर्व्हर प्रोग्रामची नावे आहेत. सेटिंगची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. सेटिंगच्या (कॉन्फिग) फाइलमध्ये ती मूळ रोमन स्पेलिंगमध्येच, मधली अधोरेषा असेल तर तिच्यासकट लिहावीत.

प्रश्न : आमचा चादर-टॉवेलचा होलसेल धंदा आहे. साइट वर्डप्रेसवर आहे. २ जीबी रॅम, २ कोअरचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), उबुंटू लिनक्स आणि अपाची. गड्डा यात्रेच्या आणि दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवीन डिझाइनची लिंक टाकली, की पाच मिनिटांत साइट बसते. लॉगमध्ये ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सची मर्यादा गाठली, वाढवण्याचा विचार करा’ असे येत होते, म्हणून एका वेळच्या मागण्यांची ही मर्यादा १५० ची ४०० केली. आता साइट तर सोडाच, सर्व्हरवर लॉगिनसुद्धा होत नाही. — एक विक्रेते, नवी पेठ

लॉगने ‘विचार करा’ म्हटले होते आणि विचार रॅमचा करायचा होता. तुमच्याकडे अपाची बहुधा प्रीफोर्क पद्धतीने चालतो आहे. उबुंटूवर अपाचीचे पीएचपी मॉड्यूल बसवले की पॅकेज आपोआप प्रीफोर्क लावते. या पद्धतीत प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस लागते आणि त्या प्रत्येकीत अख्खे पीएचपी भरलेले असते. साधा फोटो द्यायचा असला तरी तीच जड प्रोसेस कामाला लागते.

आता हिशेब करा. २०४८ एमबीतून ऑपरेटिंग सिस्टिमला ३०० सोडा, मायएसक्यूएल डेटाबेसला ४५०, फाइलींच्या कॅशसाठी आणि अडीअडचणीला २००. उरले साधारण ११००. वर्डप्रेसची एक प्रोसेस ५५ एमबी खात असेल, तर २० प्रोसेस बसतात. पॅकेजने दिलेल्या १५० चाच हिशेब ८ हजार एमबीच्या वर जातो, म्हणजे तुमच्या मशीनसाठी डिफॉल्टच मोठे होते. ते तुम्ही आणखी वाढवले. (प्रीफोर्कमध्ये सर्व्हरलिमिट न वाढवता ४०० लिहिले तर मर्यादा २५६ वर थांबते आणि लॉगमध्ये तसा इशारा येतो. पण २ जीबीला २५६ काय नि ४०० काय.) सूत तेवढेच ठेवून माग वाढवले तर कापड वाढत नाही. रॅम संपली की स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू होतो, प्रत्येक पान दहापट वेळ घेते, तोवर नवे लोक येतच राहतात आणि रांग फुगते. शेवटी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळ्यात जड प्रोसेस मारतो. ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल असते. म्हणूनच गर्दीनंतर साइटवर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश दिसतो आणि दोष भलत्याच्या माथी जातो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, खूण सापडेल.

आजच्या आज करायचे ते असे. गर्दी चालू असताना पीएस कमांडने अपाचीच्या प्रत्येक प्रोसेसचा आरएसएस आकडा (तिने व्यापलेली रॅम) पाहा आणि सरासरी काढा. सामायिक मेमरी यात प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असतो. चूक सुरक्षित बाजूला होते, चालेल. उरलेल्या रॅमला त्या सरासरीने भागा आणि आलेला आकडा मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सला द्या. तुमच्याकडे तो २० च्या आसपास येईल. विसाव्या जोडणीनंतरच्या जोडण्या परत जात नाहीत. लिसनबॅकलॉगची रांग ५११ ची असते, त्या तिथे थांबतात. दोन सेकंद थांबून पान मिळणे हे सर्व्हर आडवा होण्यापेक्षा केव्हाही बरे.

पण २० प्रोसेसमध्ये दुसरी अडचण लगेच दिसेल. कीपअलाइव्ह (जोडणी पुढच्या मागणीसाठी उघडी ठेवणे) डिफॉल्टने चालू असते आणि कीपअलाइव्हटाइमआउट ५ सेकंद. म्हणजे पान देऊन झाले तरी पुढची मागणी येईल या आशेने प्रोसेस ५ सेकंद मोकळी बसून राहते. त्यात प्रीफोर्कवर एचटीटीपी/२ चालत नाही (अपाची २.४.२७ पासून ते बंदच केले आहे), त्यामुळे ब्राउझर एकाच साइटला सहापर्यंत जोडण्या उघडतो. डिझाइनचे वीस फोटो असलेले पान तीन-चार व्यापाऱ्यांनी एकदम उघडले, की तुमच्या वीसच्या वीस प्रोसेस अडकल्या. तात्पुरता उपाय म्हणून टाइमआउट १ किंवा २ करा. कीपअलाइव्ह पूर्ण बंद करू नका, नाहीतर प्रत्येक फोटोला नव्याने जोडणी आणि एचटीटीपीएसची ओळखपरेड (सुरक्षित जोडणीआधीची देवाणघेवाण) होईल.

खरा उपाय म्हणजे अपाची इव्हेंट पद्धतीवर नेणे आणि पीएचपी वेगळे करून पीएचपी-एफपीएमकडे (पीएचपीच्या प्रोसेस अपाचीबाहेर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) देणे. इव्हेंटमध्ये रिकाम्या जोडण्या एक वेगळा धागा (थ्रेड) सांभाळतो, कामाचे धागे मोकळे राहतात, आणि फोटो देताना पीएचपी मध्ये येतच नाही. क्रम असा : पीएचपी-एफपीएमचे पॅकेज बसवा. पीएचपी मॉड्यूल बंद करा, मग प्रीफोर्क बंद करा. इव्हेंट, प्रॉक्सी-एफसीजीआय आणि सेटएन्व्हइफ ही मॉड्यूल चालू करा. पीएचपी-एफपीएमची तयार कॉन्फिग चालू करा. कॉन्फिगटेस्ट घ्या आणि मग रीलोड नव्हे, रीस्टार्ट करा. पद्धत बदलायची तर रीलोड पुरत नाही. यानंतर साइटवर ५०० एरर आली तर डॉट एचटीअॅक्सेस (एका फोल्डरपुरत्या सेटिंगच्या) फाइलमध्ये पीएचपी_व्हॅल्यूने सुरू होणारी ओळ शोधा. ती ओळ फक्त जुन्या मॉड्यूलला कळते. तिच्यातले सेटिंग डॉट युजर डॉट आयएनआय या फाइलमध्ये हलवा.

इथे दुसरे डिफॉल्ट आडवे येते, आणि ते उलट्या बाजूने. पीएचपी-एफपीएमच्या मूळ फाइलमध्ये पीएम डॉट मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे एका वेळच्या पीएचपी प्रोसेसची कमाल, फक्त ५ असते. हे लहानात लहान मशीनसाठी ठेवले आहे. तुमच्याकडे १५ चालतील; अपाचीला आता थोडी वेगळी रॅम लागते म्हणून २० नको. पीएम डॉट मॅक्स_रिक्वेस्ट्स मुळात शून्य, म्हणजे प्रोसेस कधीच बदलली जात नाही. ५०० द्या, एखाद्या प्लगइनची मेमरी गळत असेल तर ती साफ होत राहील.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. एक पान बनवायला ०.४ सेकंद लागत असतील आणि ते बहुतांश सीपीयूचेच काम असेल, तर दोन कोअरवर सेकंदाला पाचच पाने बनतात. मग पीएचपी प्रोसेस १५ असोत की ५०. कॅटलॉगचे पान दर व्यापाऱ्याला सारखेच असते, ते पुन्हा पुन्हा बनवायचे कशाला? वर्डप्रेसला पान साठवून ठेवणारे कॅशे प्लगइन लावा. वरचे सगळे आकडे बदलून जो फरक पडेल, त्यापेक्षा मोठा फरक याने पडेल.

प्रश्न : संगणकशास्त्र शिकवतो. विद्यार्थी विचारतात, की प्रत्येकाला हे आकडे बदलावेच लागत असतील, तर बनवणारे आधीच वेगवान सेटिंग का देत नाहीत? — होटगी रोड

कारण बनवणाऱ्याला तुमचे मशीन दिसत नाही. त्याची फाइल अर्धा जीबी रॅमच्या व्हीपीएसवरही उघडते आणि ६४ कोअरच्या सर्व्हरवरही. मंद चालणाऱ्या डिफॉल्टची तक्रार येते. चुकीचा डेटा देणाऱ्या डिफॉल्टने विश्वास जातो. म्हणून जिथे वेग आणि बिनचूकपणा यांत निवड करावी लागते, तिथे बिनचूकपणा जिंकतो, आणि तसेच व्हायला हवे.

याचे चांगले उदाहरण सेंडफाइल. यात फाइल सर्व्हर प्रोग्रामच्या मेमरीत न आणता कर्नल थेट डिस्ककडून नेटवर्ककडे पाठवतो. मधली कॉपी टळते, वेग वाढतो. अपाची २.२ मध्ये एनेबलसेंडफाइल डिफॉल्टने चालू होते, २.४ मध्ये ते बंद केले, कारण नेटवर्कवरच्या डिस्क आणि काही फाइलसिस्टिमवर त्यातून खराब फाइल जात असे. तुमच्या प्रयोगशाळेत व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत दुसरे मशीन चालवणारा प्रोग्राम) असेल तर हे वर्गातच दाखवता येईल : शेअर्ड फोल्डरमध्ये सीएसएस फाइल ठेवा, एनजिनएक्समध्ये सेंडफाइल ऑन करा, विंडोजकडून फाइल बदला. ब्राउझर कितीही रिफ्रेश केला तरी जुनी फाइल येते, किंवा शेवटी कचरा अक्षरे येतात. सेंडफाइल ऑफ केले की सगळे ठीक. स्थानिक एक्सटी४ डिस्कवर मात्र ते बिनधास्त चालू ठेवावे.

तरीही डिफॉल्ट गोठलेली नसतात, अनुभवाने हलतात. अपाची १.३ च्या आधी प्रत्येक पाहुण्याच्या आयपी पत्त्यावरून नाव शोधणे चालू असे. डीएनएसची वाट पाहण्यात पान अडकायचे, म्हणून ते बंद केले. कीपअलाइव्हटाइमआउट २.० मध्ये १५ सेकंद होते, २.२ मध्ये ५ झाले. टाइमआउट ३०० वरून २.४ मध्ये ६० वर आले. अलाउओव्हरराइड पूर्वी ‘ऑल’ होते, आता ‘नन’ आहे. ‘ऑल’ असताना एका फोटोसाठी अपाची त्याच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये डॉट एचटीअॅक्सेस आहे का ते दर वेळी पाहतो. एनजिनएक्सने एका जोडणीवरच्या मागण्यांची मर्यादा १.१९.१० मध्ये १०० वरून १००० केली. लिनक्सने जोडण्यांच्या रांगेची कमाल, म्हणजे सोमॅक्सकॉन, ५.४ कर्नलमध्ये १२८ वरून ४०९६ वर नेली. हे बदल करताना कोणाचे काही बिघडत नाही याची खात्री आधी झाली, वेग नंतर आला.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा, कारण मुलाखतीत तिथेच गोंधळ होतो. डिफॉल्ट दोन असतात : प्रोग्राममध्ये कोरलेले, आणि पॅकेज बनवणाऱ्याने फाइलमध्ये लिहिलेले. एनजिनएक्सच्या माहितीपत्रात वर्कर_प्रोसेसेस १, वर्कर_कनेक्शन्स ५१२ आणि सेंडफाइल ऑफ असे आहे. उबुंटूच्या फाइलमध्ये तेच अनुक्रमे ऑटो, ७६८ आणि ऑन आहे, तर एनजिनएक्सच्या स्वतःच्या पॅकेजात कनेक्शन्स १०२४. अपाचीत टाइमआउट ६०, पण डेबियनच्या फाइलमध्ये अजून ३००. त्यामुळे ‘डिफॉल्ट किती?’ या प्रश्नाआधी ‘कोणाचे?’ हे विचारावे. आपल्या मशीनवर काय लिहिले आहे ते एनजिनएक्समध्ये मोठ्या टीचा पर्याय देऊन एकत्र छापून घेता येते. जे त्यात नाही, ते कोरलेले.

प्रश्न : एका व्हिडिओच्या खाली एनजिनएक्सची ‘हाय परफॉर्मन्स’ फाइल मिळाली, ती क्लायंटच्या ४ जीबी, २ कोअर सर्व्हरवर टाकायची आहे. त्यात वर्कर_प्रोसेसेस १६, वर्कर_कनेक्शन्स ६५५३५, मल्टी_अॅक्सेप्ट ऑन, अॅक्सेस_लॉग ऑफ, ओपन_फाइल_कॅश, सेंड_टाइमआउट २, क्लायंट_बॉडी_टाइमआउट ५, आणि सोबत कर्नलसाठी टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल १ अशा ओळी आहेत. टाकू का? — वेब डिझायनर, जुळे सोलापूर

अख्खी नको. कर्नलची ती ओळ तर पहिल्यांदा खोडा. टीडब्ल्यू_रीसायकलमुळे एकाच सार्वजनिक आयपीमागून येणाऱ्या अनेक लोकांच्या जोडण्या मधूनच नाकारल्या जातात, आणि आपल्याकडचे मोबाइल ग्राहक बहुतेक तसेच येतात. कोणाला साइट उघडते, शेजारी बसलेल्याला नाही. कारण सापडत नाही. हा पर्याय २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून काढूनच टाकला. ज्या फाइलमध्ये तो अजून आहे, ती किती वर्षे कोणी तपासलेली नाही हे त्यावरूनच समजा.

सेंड_टाइमआउट २ हीसुद्धा घातक ओळ. मूळ ६० सेकंद आहे, आणि ते पूर्ण फाइल पाठवण्याची मुदत सांगत नाही, तर पाठवण्याच्या दोन टप्प्यांमधली कमाल शांतता सांगते. करमाळ्याकडच्या एखाद्या वस्तीवर मोबाइलचे नेटवर्क तीन सेकंद गेले, की फोटो अर्धा येऊन तुटतो. ऑफिसच्या फायबरवर तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. बॉडी_टाइमआउटचेही तेच. दोन्ही काढा, ६० राहू द्या.

वर्कर (मागण्या हाताळणाऱ्या प्रोसेस) १६ नकोत, ऑटो ठेवा. दोन कोअरवर सोळा वर्कर एकमेकांच्या पायात येतात. कनेक्शन्स ६५५३५ लिहिल्याने तेवढे लोक झेपत नाहीत. त्यांचे तक्ते मात्र सुरुवातीलाच रॅममध्ये मांडले जातात, आणि प्रोसेसला १०२४ च फाइली उघडायची परवानगी असेल तर लॉगमध्ये इशारा येऊन आकडा कागदावरच राहतो. ४०९६ द्या आणि सोबत वर्कर_आरलिमिट_नोफाइल (एका वर्करला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा) १०००० द्या. मल्टी_अॅक्सेप्टने या आकाराच्या साइटला काही फरक पडत नाही, वाद नको म्हणून ऑफ.

लॉग बंद करण्याचा सल्ला आम्हाला अजिबात पटत नाही. वेग थोडा वाचतो आणि गडबडीच्या दिवशी हातात काहीच उरत नाही. डिस्कवरचे लिखाण कमी करायचे असेल तर लॉगच्या ओळीत बफर ६४ के आणि फ्लश ५ सेकंद द्या. नोंदी एकगठ्ठा लिहिल्या जातील. फेल२बॅनसारखे (संशयित आयपी अडवणारे) काही लॉग वाचत असेल तर त्याला ते पाच सेकंद उशिरा कळेल, एवढेच.

ओपन_फाइल_कॅश हजारो लहान फाइली देणाऱ्या सर्व्हरला उपयोगी आहे, पण त्याची फेरतपासणी मुळात ६० सेकंदांनी होते. फाइल बदलली तरी मिनिटभर जुनीच जाऊ शकते. क्लायंटचा फोन येईल, ‘अहो, बदल दिसत नाही’, आणि तुम्ही ब्राउझरचा कॅश साफ करायला सांगत बसाल. तूर्त नको.

त्या फाइलमध्ये जे नाही ते मात्र टाका : एसएसएल_सेशन_कॅश शेअर्ड, १० एमबी. हे मुळात बंद असते. १ एमबीत साधारण ४ हजार सेशन मावतात, म्हणजे ४० हजारांची सोय, आणि परत आलेल्या ब्राउझरला सगळी ओळखपरेड पुन्हा करावी लागत नाही.

प्रश्न : गती तपासणाऱ्या साइटवर ‘टेक्स्ट कॉम्प्रेशन चालू करा’ असे येते, पण फाइलमध्ये जीझिप ऑन आहेच. — बार्शी

जीझिप_टाइप्सची ओळ फाइलमध्ये असेल, पण तिच्या आधी हॅश असेल. ती बंद असली की फक्त एचटीएमएल दाबले जाते. सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन आणि एसव्हीजी तसेच जातात. हॅश काढा. जेपीजी आणि डब्ल्यूओएफएफ२ फाँट यादीत घालू नका, ते आधीच दाबलेले असतात. लेव्हल मुळात १ आहे. ४ किंवा ५ पुरे. ९ वर सीपीयू बराच जास्त जळतो आणि फाइल किंचितच लहान होते. जीझिप_मिन_लेंग्थ २० वरून १०२४ करा. आणि साइटच्या पुढे सीडीएन (फाइली ठिकठिकाणी साठवून देणारी सेवा) असेल तर जीझिप_प्रॉक्सीड एनी द्या, नाहीतर सीडीएनकडून आलेल्या मागणीला एनजिनएक्स न दाबलेली फाइल देऊ शकतो.

प्रश्न : फोटो अपलोड करताना ४१३ एरर येते. पीएचपीची मर्यादा वाढवली, तरी तेच. — अक्कलकोट

४१३ एनजिनएक्स देतो आहे, मागणी पीएचपीपर्यंत पोचतच नाही. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज मुळात १ एमबी आहे. मोबाइलचा कुठलाही फोटो त्याहून मोठा. तीन ठिकाणी जुळवा : एनजिनएक्समध्ये १२ एमबी, पोस्ट_मॅक्स_साइज (मुळात ८) १२ एमबी, अपलोड_मॅक्स_फाइलसाइज (मुळात २) १० एमबी. मधली मर्यादा ओलांडली तर फॉर्म रिकामाच आल्यासारखा दिसतो, एरर नीट दिसत नाही. एनजिनएक्समधली वाढ पूर्ण साइटला देऊ नका, फक्त अपलोडच्या लोकेशनमध्ये (फाइलमधल्या त्या पत्त्याच्या भागात) द्या.

प्रश्न : आषाढीच्या दिवसांत पालखी कुठे पोचली, पाणी-मुक्कामाची सोय कुठे आहे, हे दाखवणारी साइट आम्ही काही मित्र चालवतो. पुढे एनजिनएक्स, मागे नोडचे (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचे) अॅप, २ कोअर, उबुंटू. पान दर ५ सेकंदांनी स्वतःहून ताजी माहिती मागते. एकाच वेळी तीनेक हजार मोबाइल आले, की ‘७६८ वर्कर_कनेक्शन्स पुरत नाहीत’ आणि ‘मागितलेला पत्ता देता येत नाही’ अशा दोन एरर येतात. रॅम तर अर्धी रिकामी. — पंढरपूर

तुमची केस नवी पेठेच्या अगदी उलट आहे. इथे मशीन मोठे आणि डिफॉल्ट लहान पडले.

पहिली एरर आधी. एनजिनएक्स जोडणी मुळात ७५ सेकंद जिवंत ठेवतो आणि तुमचे पान दर ५ सेकंदांनी मागणी करते, म्हणजे एकही मोबाइल जोडणी सोडतच नाही. ३००० मोबाइल म्हणजे ३००० जोडण्या. दोन वर्कर गुणिले ७६८ म्हणजे १५३६, आणि त्यातही नोडकडे जाणारी प्रत्येक जोडणी मोजली जाते. कनेक्शन्स ४०९६ आणि आरलिमिट १०००० करा. एनजिनएक्समध्ये रिकाम्या जोडणीला फारच थोडी रॅम लागते, तुमच्याकडे ती आहे.

दुसरी एरर जास्त मजेशीर. ३००० भागिले ५, म्हणजे सेकंदाला ६०० मागण्या नोडकडे जातात. एनजिनएक्सच्या आज बहुतेक सर्व्हरवर असलेल्या आवृत्त्या मागच्या अॅपशी मुळात एचटीटीपी १.० ने बोलतात आणि प्रत्येक मागणीनंतर जोडणी तोडतात. तुटलेल्या जोडणीचे पोर्ट लिनक्स ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत अडकवून ठेवतो. बाहेर जाण्यासाठीची पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२. भागिले ६०, सेकंदाला साधारण ४७०. तुम्ही ६०० मागता. मिनिटभरात पोर्ट संपतात. उपाय : अपस्ट्रीमच्या भागात (जिथे मागच्या अॅपचा पत्ता असतो) कीपअलाइव्ह ३२ लिहा, लोकेशनमध्ये प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१ द्या, आणि कनेक्शन हेडर रिकामे पाठवा. या तिन्ही ओळी हव्यात. शेवटची राहिली तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्या.

पण पालखी दोन सेकंदांत किती पुढे जाते? सगळ्यांना सारखीच असणारी माहिती सहाशे वेळा नोडला विचारण्यात अर्थ नाही. प्रॉक्सी_कॅश लावा, २०० उत्तराची मुदत २ सेकंद ठेवा, प्रॉक्सी_कॅश_लॉक ऑन करा आणि यूज_स्टेलमध्ये अपडेटिंग द्या. मग नोडकडे दर दोन सेकंदांना एखादीच मागणी जाईल, बाकीच्यांना एनजिनएक्सच उत्तर देईल. नोड कुकी पाठवत असेल तर एनजिनएक्स ते उत्तर साठवत नाही, म्हणून या पत्त्यावर सेशन कुकी देऊ नका. लॉगिन केलेल्या कार्यकर्त्यांची पाने या लोकेशनच्या बाहेर ठेवा, नाहीतर एकाचे पान दुसऱ्याला दिसेल. आणि जमले तर ५ सेकंदांचे १५ करा. वारकऱ्यांची बॅटरीही वाचेल.

प्रश्न : बदल केल्यावर फायदा झाला की नाही हे नेमके कसे मोजायचे? घरून साइट उघडली तर कधी पटकन येते, कधी नाही. — सम्राट चौक

घरून जे मोजता त्यात सर्व्हर कमी आणि तुमची लाइन जास्त असते. आधी ते वेगळे काढा. कर्ल कमांडला वेळ छापायला सांगा : जोडणी झाली तो क्षण, टीएलएस (एचटीटीपीएसची ओळखपरेड) पूर्ण झाले तो क्षण, पहिला बाइट आला तो क्षण. टीएलएस आणि पहिला बाइट यांतला फरक, वजा एका फेरीचा वेळ, हा सर्व्हरच्या डोक्यावरचा भाग. सर्व्हर फ्रँकफर्टला असेल तर एका फेरीलाच १०० मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि नव्या जोडणीला पहिल्या बाइटपर्यंत टीएलएस १.३ वर तीन आणि १.२ वर चार फेऱ्या लागतात. ते कॉन्फिग फाइलने भरून निघत नाही. सर्व्हर मुंबईला हलवला तर निघते.

भार देऊन तपासायचे तर एबी किंवा डब्ल्यूआरके चालेल, पण त्याच मशीनवरून नको. चाचणीच सीपीयू खाते. त्याच शहरातला तासाच्या भाड्याचा दुसरा व्हीपीएस घ्या. ५०, १००, २०० अशा जोडण्यांनी एकेक मिनिट चालवा, सरासरीपेक्षा ९५ आणि ९९ टक्के मागण्या जेवढ्या वेळात पूर्ण होतात ते आकडे लिहून ठेवा, आणि त्याच वेळी सर्व्हरवर रॅम, स्वॅप आणि सीपीयू पाहा. जे आधी संपेल तेच बदलायचे. एबीला के पर्याय न देता चालवले तर प्रत्येक मागणीला नवी जोडणी होते, आणि तुम्ही साइट मोजायच्या ऐवजी टीएलएस मोजत बसता. फक्त मुखपृष्ठ मोजू नका; ते कॅशमधून येते. शोध, कार्ट आणि लॉगिनचे पान मोजा.

एका वेळी एकच ओळ बदला, जुन्या फाइलची तारीख घातलेली प्रत ठेवा, आणि रीलोडआधी एनजिनएक्सची लहान टीची चाचणी घ्या. रीलोडनंतर जुने वर्कर हातातली कामे संपवूनच जातात, त्यामुळे काही मिनिटे जुने आणि नवे सेटिंग शेजारी शेजारी चालू असते. पीएसच्या यादीत ‘शटिंग डाउन’ लिहिलेला वर्कर दिसत असेपर्यंत घेतलेले माप धरू नका.